सुरगाठ आणि निरगाठ

वाचकहो, आपल्या घरात एखादी ज्येष्ठ व्यक्ती आजारातून सावरत असेल, तर आज रात्री निजानीज झाल्यावर एवढे आठवून पाहा. तिच्या हातून आपण कोणकोणती कामे काढून घेतली? आणि ती काढून घेताना तिला विचारले होते का? मला हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, नातेवाइकांनीही नाही. आमच्याच जेवणाच्या टेबलावर तयार झालेल्या, दोन फूट लांबीच्या एका पडावाने तो विचारला.

पडाव म्हटले की आमच्या पिंपळनेरच्या माणसाला मुक्कामाचा तळ आठवेल. कोकणात मात्र पडाव म्हणजे माल वाहणारे शिडाचे जहाज. माझे यजमान मूळचे चिपळूणजवळच्या गोवळकोटचे. दाभोळच्या मुखातून आत शिरलेली वाशिष्ठीची खाडी गोवळकोटपर्यंत जहाजांना वाट देई. माल तिथल्या धक्क्यावर उतरे आणि चिपळूणहून कुंभार्ली घाटाने वर देशावर जाई. शिडाची जहाजे भरतीबरोबर वर येत आणि ओहोटीबरोबर परत फिरत. यांचे बालपण त्या धक्क्यावर गेले. पुढे पाटबंधारे खात्यातील नोकरीने ते पांझरेकाठी आले, मी याच मातीतली, आणि निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. खाडीचा विषय आमच्या संसारात क्वचितच निघे.

2024 च्या डिसेंबरात एका सकाळी चहाचा कप यांच्या उजव्या हातातून निसटला. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळल्यासारखा दिसला आणि बोलताना शब्द जड पडू लागले. चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, या तिन्हींपैकी एक जरी खूण अचानक दिसली, तरी घरगुती उपायात एक क्षणही घालवू नये, हे मी वाचले होते. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते द्यायचे की नाही हे मेंदूचा स्कॅन पाहूनच ठरते. आमच्यासारख्या आडगावाहून साक्रीमार्गे धुळ्याला पोहोचायचे, तर त्या साडेचार तासांतला बराचसा वेळ रस्त्यातच जातो. म्हणून हे पाठ करून ठेवा, आणि पहिली खूण केव्हा दिसली ती वेळ कागदावर लिहून घ्या. आम्ही वेळेत पोहोचलो. हे वाचले, चालू लागले. उजवा हात मात्र मागे राहिला आणि जिभेवरचा जडपणा पुरता गेला नाही.

त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत मी यांची जी सेवा केली, तिचे गावात कौतुक झाले. घास भरवणे, शर्टाची बटणे लावणे, दाढी करणे, पायजम्याची नाडी बांधणे, सारे मीच करी. फिजिओथेरपिस्ट ताई शिकवून गेलेले व्यायाम हे करत. पण रबरी चेंडू वीस वेळा दाबायचा, तो कशासाठी, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असे. हळूहळू तेही थांबले. दिवसभर खिडकीशी बसून राहत. मुलगा पुण्याहून फोन करी, तेव्हा "बाबांना दे" म्हटले की हे मान हलवून नकार देत.

मे महिन्यात मी यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. भारतीय नौदलाने जुन्या पद्धतीने बांधून घेतलेले एक शिडाचे जहाज 21 मे 2025 रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले, त्याचे नाव 'कौंडिण्य', अशी ती बातमी होती. त्याच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या आहेत. त्या जहाजाचा कोणताही जुना आराखडा उपलब्ध नव्हता. अजिंठ्याच्या भिंतीवरील पाचव्या शतकातील एका चित्रावरून त्याचा घाट ठरवावा लागला. असे जहाज समुद्रात तोल सांभाळील का, हे पाहण्यासाठी मद्रासच्या आयआयटीत आधी लहान प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या गेल्या. मी गमतीने म्हणाले, "पाहा, समुद्रापासून इतक्या लांब आपल्या खानदेशाच्या उंबरठ्यावर जहाजाचे चित्र!" हे बराच वेळ गप्प होते. मग डाव्या हाताने पेन्सिल मागून त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला एक वाकडी रेघ काढली आणि म्हणाले, "पडावाची नाळ अशी नसते."

नाळ म्हणजे जहाजाचे पुढचे टोक. त्या एका वाक्याने आमच्या घरात काम सुरू झाले.

यांच्या आठवणीतला पडाव सुमारे चाळीस फूट लांब होता. आम्ही चोवीस इंचांचा करायचा ठरवला, म्हणजे विसाव्या हिश्शाचा. आराखडा आमच्याकडेही नव्हता. यांच्या डोळ्यांपुढे जे होते तेच कागदावर उतरले. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलावर टेकता यावे म्हणून तळ रुंद आणि पसरट. पुढची नाळ वर उचललेली. डोलकाठी सरळ उभी नाही, तर किंचित पुढे झुकलेली. आणि तिच्यावर एका लांब तिरप्या काठीला बांधलेले मोठे तिकोनी शीड. चित्रे डाव्या हाताने काढलेली, म्हणून पहिल्या कागदांवर पडाव बुडत असल्यासारखा दिसे. सातव्या की आठव्या कागदावर तो तरंगू लागला.

आमच्या गल्लीतल्या सुतारदादांनी सावरीच्या हलक्या लाकडाच्या एक इंची जाडीच्या पाच फळ्या कापून दिल्या. पाचही फळ्यांची बाह्यरेषा वेगवेगळी. तळची सर्वांत अरुंद, वरची सर्वांत रुंद. वरच्या चार फळ्यांचा मधला भाग त्यांनीच करवतीने काढून टाकला. त्या एकावर एक चिकटवल्या की पायऱ्या-पायऱ्यांचे एक पोकळ भांडे तयार होते, आणि त्या पायऱ्या कानशीने घासून काढल्या की त्यातून जहाजाचा पोटाळलेला आकार बाहेर येतो. साधा पांढरा डिंक पाण्यात सुटतो, म्हणून पाण्यात टिकणारा आणला. धारदार हत्यारे सुतारदादांकडे आणि घासण्याचे काम यांच्याकडे, अशी वाटणी ठरली. यामागे कारण होते. पक्षाघातानंतर अनेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू असते. अशा माणसाला लहानशी जखम झाली तरी रक्त लवकर थांबत नाही. पटाशी आणि करवत म्हणूनच आमच्या टेबलावर कधी आली नाही.

घासायला दोन्ही हात लागतात. डावा हात जहाज धरी आणि काचपेपर गुंडाळलेला लाकडी ठोकळा उजव्या हातात राही. पहिल्या दिवशी तो ठोकळा पाच मिनिटांत तीनदा पडला. चौथ्यांदा मी तो उचलून पुढचे घासायला सुरुवात केली. हे काही बोलले नाहीत, उठून खिडकीशी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट ताईंनी ठोकळ्याला कापडी पट्टा लावून तो यांच्या तळव्याला अडकवून दिला, आणि मला हळूच बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली.

मेंदूच्या आघातानंतर हाताची शक्ती कमी होते हे खरे. पण त्याखेरीज आणखी एक गोष्ट घडते. तो हात वापरायचा प्रयत्न फसत जातो, दुसऱ्या हाताने काम भागते, घरचे लोक उरलेले करतात, आणि मेंदू त्या हाताला वगळूनच चालायला शिकतो. एडवर्ड टाउब या अमेरिकन शास्त्रज्ञांनी याला 'शिकलेला अ-वापर' अशा अर्थाचे नाव दिले. यावर उपाय म्हणून चांगल्या हाताला काही काळ मोजा घालून दुर्बळ हाताकडून रोजच्या कामांचा भरपूर सराव करून घेण्याची पद्धत निघाली. आघातानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या 222 रुग्णांवर अमेरिकेत तिचा अभ्यास झाला आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या रुग्णांच्या हाताचा वापर सुधारलेला आढळला. ही पद्धत सर्वांना लागू पडत नाही. मनगट आणि बोटे थोडी तरी वर उचलता आली पाहिजेत, आणि ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायची असते. चांगला हात घरच्या घरी बांधून ठेवण्याचा प्रयोग कोणी करू नये. तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. आमच्या ताईंनीही तो मार्ग सुचवला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "काकू, काकांचा हात जेवढा आजाराने थांबलाय, तेवढाच तुमच्या मायेनेही थांबलाय."

मला ते लागले. पण पटले, असे तेव्हा म्हणता येणार नाही.

रोज वीस मिनिटे सकाळी आणि वीस मिनिटे संध्याकाळी, एवढाच नेम ठरला. थकवा आला की हात अधिक थरथरतो आणि माणूस निराश होतो, म्हणून थकण्याआधी थांबायचे. खिडकीजवळ उजेडात, पाय जमिनीला टेकतील अशा हाताच्या खुर्चीत बसायचे. लाकडाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मुखपट्टी लावायची. आषाढातला पाऊस बाहेर कोसळत असताना आमच्या घरात काचपेपरची खरखर चाले. श्रावण संपताना पडाव गुळगुळीत झाला होता.

मग घरच्या हौदात त्याची पहिली परीक्षा झाली आणि पडाव आडवा झाला. डोलकाठी आणि शीड चढवल्यावर पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा तो कलंडे. मी हिरमुसले, यांचा चेहरा मात्र पाटबंधारे खात्यातल्या दिवसांसारखा झाला. त्यांनी वहीत आकडे मांडले. लांबी वीस पट कमी केली की शिडाचे क्षेत्रफळ चारशे पट कमी होते, पण जहाजाचे वजन आठ हजार पट कमी होते. म्हणजे वारा ढकलतो त्या मानाने त्याला विरोध करणारे वजन वीस पट अपुरे पडते. हुबेहूब लहान केलेले जहाज म्हणूनच हुबेहूब चालत नाही. मोठ्या जहाजातही माल नसला की तळाशी दगड किंवा वाळू भरावी लागते; लहान जहाजात तो भार तळाच्याही खाली न्यावा लागतो. शिसे त्यासाठी सोयीचे, पण घरात शिसे वितळवणे प्रकृतीला घातक. त्याच्या वाफा आणि कण शरीरात साचतात. आम्ही वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडाची एक जाड पट्टी कापून आणली आणि ती तळाखाली उतरवलेल्या एका पातळ फळीच्या टोकाला बसवली. शीडही पाव हिस्सा लहान केले. मांजरपाटाचे ते शीड मी मशीनवर शिवले. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले काम, आणि ते यांनी मला नेमून दिलेले होते.

आता दोर बांधायचे राहिले होते. डोलकाठीला दोन्ही अंगांनी आधार देणारे, तिरपी काठी वर चढवणारा, शिडाचा पुढचा कोपरा नाळेशी बांधणारा, आणि शिडाचा मागचा कोपरा ओढून धरणारा, असे सहा-सात दोर. मेणाचा हात फिरवलेला जाड दोरा आणि यांची बोटे. पाच दिवसांत दोन दोर झाले. दिवाळी जवळ येत होती, नातू येणार होता, त्याच्या हातात पूर्ण जहाज द्यावे असे मला वाटे. एका रात्री हे झोपल्यावर मी टेबलाशी बसले आणि तासाभरात उरलेले सगळे दोर बांधून टाकले. गाठी घट्ट मारल्या, अगदी पक्क्या.

सकाळी यांनी जहाज पाहिले. एकेक गाठ बोटाने चाचपली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ह्या सोडायच्या कशा?"

"सोडायच्या कशाला? बसल्या आहेत पक्क्या."

ते पुढे काही बोलले नाहीत. त्या दिवशी सकाळची वीस मिनिटे, संध्याकाळची वीस मिनिटे आणि दुसऱ्या दिवशीचीही, हे गोधडीची सुई घेऊन त्या गाठी उकलत बसले. मी पुढे झाले की हात आडवा करत. दोन दिवस आमच्या घरात शब्द नव्हता. शेवटची गाठ सुटल्यावर त्यांनी मला शेजारी बसवले आणि मागच्या कोपऱ्याचा तो दोर माझ्या हातात दिला. जड जिभेने, एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "तांडेल पोरांना पहिलं हेच शिकवायचा. बाकी कुठंही निरगाठ मार. हा दोर सुरगाठीनंच बांधायचा. झोत आला की एका झटक्यात सुटला पाहिजे. निरगाठ मारलीस तर जहाज वाचत नाही."

वाचकहो, त्यांना जहाजाबद्दलच बोलायचे होते. त्या वाक्यात दुसरे काही त्यांनी घातले नव्हते, आणि मीही ते त्यांना बोलून दाखवले नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. घास, बटण, दाढी, नाडी. गेल्या दहा महिन्यांत मी किती निरगाठी मारल्या होत्या, ते मी अंधारात मोजत राहिले. त्या सगळ्या प्रेमाने मारल्या होत्या हे खरे. जहाजावरची निरगाठही कोणी वैराने मारत नसेल. आणि खरे सांगायचे तर त्यात केवळ प्रेम नव्हते. मी केले की काम लवकर होई, सांडलवंड होत नसे, आणि माझी गरज आहे असे मला वाटत राही. सेवा करणाऱ्याला हे कबूल करणे जड जाते.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी आम्ही लाटीपाडा धरणावर गेलो. हे, मी, दहा वर्षांचा नातू आणि सुतारदादा. पावसाळ्यानंतर पांझरेचे पाणी तिथे भरलेले असते. यांच्यासाठी घडीची खुर्ची काठापासून चार पावले मागे, सपाट जागी ठेवली. जलाशयाच्या काठचा गाळ फसवा असतो आणि कमजोर पायाच्या माणसाने पाण्याशी जाऊ नये. जहाजाला मासे धरायच्या गळाची लांब दोरी बांधली, म्हणजे ते लांब गेले तरी कोणाला पाण्यात उतरावे लागू नये.

पडाव सोडला. तो पाच-सहा हात गेला, वाऱ्याची झुळूक आली आणि शीड पाण्याला टेकले. नातवाने दोरी ओढून त्याला परत आणले. माझा हात आपोआप पुढे गेला. मागचा दोर सैल करायला हवा हे मलाही आता कळत होते. मी हात मागे घेतला आणि पदरात धरून ठेवला. यांनी जहाज मांडीवर घेतले. डाव्या हाताने डोलकाठी धरली आणि उजव्या हाताची दोन बोटे त्या दोराच्या टोकापर्यंत नेली. ती एकदा चुकली. दुसऱ्यांदाही चुकली. नातू काही म्हणणार, तोच सुतारदादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिसऱ्यांदा टोक चिमटीत आले, यांनी ते ओढले आणि सुरगाठ सुटली. दोर बोटभर सैल करून त्यांनी ती पुन्हा बांधली. त्याला किती वेळ लागला ते मी पाहिले नाही.

या वेळी पडाव कलला, सावरला आणि काठाला धरून सरळ निघाला. शीड भरले होते. दूर शेळ्या वळत असलेले एक म्हातारबाबा जवळ आले आणि अहिराणीत विचारते झाले, "हाई काय शे, भाऊ?" यांनी त्यांना सांगायला सुरुवात केली. गोवळकोटचा धक्का, भरती-ओहोटी, कौलांचे ढीग, तांडेल, सगळे. शब्द अडत होते, पण बाबांना घाई नव्हती आणि शेळ्यांनाही नव्हती. आजारानंतरचे यांचे ते सर्वांत लांब बोलणे. मी एकदाही मध्ये शब्द पुरवला नाही.

यांचा हात पूर्ववत झाला, असे मी आपल्याला सांगणार नाही. शर्टाचे सर्वांत वरचे बटण आजही यांच्याकडून लागत नाही, आणि लाकूड घासल्याने जे सुधारले त्यात औषधांचा, व्यायामाचा आणि काळाचा वाटा किती, हे मी वेगळे काढू शकत नाही. पण आता घास ते स्वतः घेतात. दाढीसाठी साधे विद्युत यंत्र आणले आहे. पायजम्याची नाडी ते स्वतः बांधतात, अर्थात सुरगाठ. डिसेंबरात 'कौंडिण्य' पोरबंदरहून मस्कतकडे निघाल्याची बातमी आली, ती यांनी मला वाचून दाखवली. वीस ओळींना बराच वेळ लागला. आमटी गार झाली, आणि ती मी पुन्हा गरम केली.

आपल्या घरी जहाज बांधा, असा माझा आग्रह नाही. कोणाच्या घरी ते तुळशीचे वाफे असतील, कोणाकडे जुनी पेटी, कोणाकडे पाटावरवंटा. मात्र ते काम त्या माणसाच्या स्वतःच्या आठवणीतले असावे, त्यात त्याच्या मताला किंमत असावी, आणि ते खरेच चालले पाहिजे, बुडाले तर बुडाले असे म्हणता आले पाहिजे. धोक्याचा भाग आपण घ्यावा, उरलेला त्याच्याकडे ठेवावा. आणि हात पुढे करण्याआधी तीन वेळा चुकू द्यावे. ते तीन क्षण सेवा करणाऱ्यासाठी सर्वांत कठीण असतात. मी अजून दुसऱ्या चुकीलाच हात पुढे करते. मग यांच्याकडे पाहते आणि मागे घेते.